जवारी: एका संगीत मासिकाची बत्तीस पानं

[मिरज. सतारमेकर गल्ली. उंबऱ्याशी एकावर एक रचलेले वाळके भोपळे.]

हे भोपळे खायचे नाहीत. चव कडू, साल जाड. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून ते इथे येतात. आतला गर आणि बिया खरवडून काढल्या की राहते ती पोकळी. तंबोरा घुमतो तो हिच्यातून.

मी मिरजेला आले ते दोन फोटो काढायला. उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एक मासिक करायचं होतं. विषय आपला, मजकूर आपला, मांडणी, मुखपृष्ठ, छपाई, सगळं आपलं. मी संगीत घेतलं. पहिल्या आराखड्यात मुखपृष्ठावर गाणाऱ्या बाईंचा चेहरा होता, मागे तंबोऱ्याची अंधूक दांडी. ती दांडी जरा नीट दिसावी, एवढ्याच कामासाठी ही खेप होती.

[हात. लाकडावर चालणारी कानस. भुसा.]

त्या दिवशी मी चारशेच्या वर फोटो काढले. चेहरा एकाही फोटोत नाही.

या गल्लीतलं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलंय. इथले पहिले वाद्य घडवणारे फरीदसाहेब मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारे, धार लावणारे. तलवारींचे दिवस संपत आले तेव्हा त्यांच्या घराण्याचे हात तंतुवाद्यांकडे वळले. पुढे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसात गाणं होतं, ते आजही होतं. गाणारे इथे येत राहिले आणि वाद्यं त्यांच्या गळ्याप्रमाणे घडत गेली.

भोपळ्याच्या तोंडावर लाकडी तबली बसते, मग गळा, मग दांडी. खुंट्या. चार तारा. आणि तबलीवर मधोमध ही घोडी, तारा टेकतात ती.

[घोडी, अगदी जवळून. तिच्या पाठीवर फिरणारी बारीक कानस.]

घोडीची पाठ सपाट दिसते, पण तिला अगदी हलका उतार असतो. तार तिच्यावरून सुटताना एका टोकाशी सुटत नाही, पाठीला घासत, थरथरत जाते. त्या घासण्यातून एका स्वराच्या पोटातले आणखी स्वर वर येतात. तारेखाली सुताचा एक धागा असतो. तो कणभर पुढेमागे सरकवला की आवाज बंद होतो किंवा खुलतो. याला म्हणतात जवारी. ती मोजपट्टीने लागत नाही. इथले कारागीर चाचा एकदा कानस फिरवतात, तार छेडतात, ऐकतात, पुन्हा फिरवतात.

मासिकाचं नाव मला इथे मिळालं.

[संगणकाचा पडदा. कोरं पान. त्यावर एकेक अक्षर उमटतं: ज, वा, री.]

नाव मराठी, म्हणून मासिक मराठी. हे सांगायला सोपं आहे. मांडणीचं जे सॉफ्टवेअर आम्ही वापरतो त्यात एक सेटिंग चुकली की डावीकडची वेलांटी उजवीकडे जाते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. वर्गातल्या बऱ्याच जणांनी याच कारणाने इंग्रजीत काम केलं. मला ते पटलं नाही. ज्या भाषेत ‘जवारी लागली’ म्हणतात, त्या भाषेत ती छापता आली पाहिजे.

मजकुरासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्ता’ हा फॉन्ट घेतला. तो सगळ्यांना मोफत वापरता येतो. अकरा पॉइंटचं अक्षर, ओळीला सतरा पॉइंटची जागा. देवनागरीला वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार. तिला श्वास घ्यायला जागा लागते. इथपर्यंत ठीक होतं.

मग आलं सोळाव्या पानाच्या आधीचं काम, आणि त्यात माझे सात आठवडे गेले.

[जुन्या स्वरलिपीचं पान. बोट एका ओळीवरून सरकतं.]

मला मासिकात स्वरलिपी, म्हणजे स्वरांत लिहिलेलं गाणं, हवी होती. नुसते लेख वाचून बाजूला ठेवायचे नाहीत, वाचणाऱ्याने पेटी काढून पानासमोर बसायचं. महाराष्ट्रात याची मोठी परंपरा आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि तिथूनच ‘संगीतामृतप्रवाह’ हे मासिकही चालवलं. त्यांची स्वरलिपी वेगळी. पंडित विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. गावोगावच्या उस्तादांकडून चिजा, म्हणजे बंदिशी, मिळवून त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. त्यांची स्वरलिपी आज जास्त चालते. मी तीच घेतली.

तिचे नियम थोडे आहेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार, म्हणजे वरच्या सप्तकाला वर टिंब. तालाच्या एका मात्रेत, म्हणजे एका ठोक्यात, दोन-चार स्वर आले तर त्यांच्याखाली कमान. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, असेल तर वर कमान. कणस्वर, म्हणजे ओझरता लागणारा स्वर, डोक्यावर, बारीक अक्षरात. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गुणाकाराच्या चिन्हाने; ‘खाली’, म्हणजे टाळी न देण्याची मात्रा, शून्याने.

आता पूरिया धनाश्री रागाची एक ओळ टाइप करून बघा.

[पडद्यावर: ऩि रे॒ ग म॑ प ध॒ नि सां]

शेवटचा ‘सां’ बघा. वरचं टिंब तार सप्तकाचं आहे, पण वाचणाऱ्याच्या डोळ्याला तो अनुस्वार दिसतो. खालच्या ओळीत चिजेचे शब्द आहेत, आणि तिथे खरे अनुस्वार आहेत. दोन्ही टिंबं सारखीच. मंद्र निषादाखालचं टिंब नुक्त्यासारखं दिसतं. तीव्र आणि कोमलसाठी संगणकात जी चिन्हं मिळाली ती मुळात वेदपाठाच्या स्वरांची, उदात्त-अनुदात्ताची. मला त्याचा आनंदच झाला. पण ‘रे’वरच्या मात्रेजवळ, ‘ध’च्या पायाशी ती कशी बसतील याचा विचार कोणत्या फॉन्टने किती केलाय, ते छापून बघितल्यावरच कळतं.

म्हणून चिन्हं मी स्वतः काढली. तार सप्तकाचं टिंब अनुस्वारापेक्षा मोठं, वाटोळं, आणि अक्षराच्या बरोबर मध्यावर, शिरोरेषेपासून सुटं. कोमलची रेघ अक्षराइतकीच रुंद, म्हणजे शेजारच्या स्वराला ती चिकटत नाही. हे बारीक काम आहे आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. टिंब हललं तर सप्तक बदलतं.

[भिंतीवर चिकटवलेले कागद. पेन्सिलीच्या उभ्या रेघा.]

दुसरा पेच रकान्यांचा. मासिकाला एक जाळी असते, सगळी पानं तिच्यावर बसतात. आम्हाला शिकवतात की बारा रकाने घ्या. बाराला दोन, तीन, चार, सहाने भाग जातो. बारा म्हणजे एकताल, तो नीट बसला. तीनताल सोळा मात्रांचा, तो बाहेर सांडला. झपताल दहाचा. रूपक सातचा, तीन-दोन-दोन, आणि त्याची समच ‘खाली’. पहिले काही दिवस मी मात्रा दाबून-ताणून बाराच्या जाळीत घालत होते. मग एका संध्याकाळी गाण्याच्या शिकवणीत माझ्या बाईंना ते पान दाखवलं. त्यांनी हाताने ताल धरून ते वाचायचा प्रयत्न केला आणि तिसऱ्या मात्रेला थांबल्या. बोलल्या काहीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी जाळी सोडली. आता स्वरलिपीच्या पानावर ताल सांगेल तितके रकाने. मात्रा सारख्या रुंदीच्या, विभागाला उभी रेघ. ‘जवारी’ची पानं एकसारखी दिसत नाहीत, कारण ताल एकसारखे नाहीत.

[छापखाना. कागदाची थप्पी. घडी घालणारे हात.]

बत्तीस पानं. सोळा पानांचे दोन फर्मे, मॅपलिथो कागद, सेंटर पिन. मी डमी आधी हाताने घडी घालून केली, कारण घडी घातल्याशिवाय कळत नाही की तिसरं पान आणि तिसावं पान एकाच कागदावर शेजारी बसतात. बरोबर मध्ये, सोळा-सतरा, दोन पानांचा अखंड कागद. तिथे फोटो मधोमध तुटत नाही. ती जागा मी घोडीला दिली. सगळ्यांत मोठा फोटो गायकाचा नाही, वादकाचा नाही. हाडाचा एवढासा तुकडा, दोन पानं भरून.

प्रती दहा काढल्या. परीक्षण झालं, गुण मिळाले, वर्ष संपलं.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीतली काही मुलं आता दुसऱ्या कामाला लागली आहेत.

[पुन्हा सतारमेकर गल्ली. संध्याकाळ. चाचांच्या हातात मासिक.]

एक प्रत चाचांना द्यायची होती. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला. स्वरलिपीची पानं भराभर उलटली. सोळा-सतरावर आले आणि थांबले. मासिक दिव्याजवळ नेलं, आडवं धरलं, पुन्हा सरळ केलं.

“बेटा, ही घोडी कच्ची आहे. हिची जवारी अजून काढलेली नाही.”

मी फोटो परत बघितला. मला काही दिसेना. त्यांनी बोट ठेवून दाखवलं: तारेच्या खाली, पाठीवर, जिथे प्रकाशाची रेघ सरळ गेली होती. उतार असता तर ती तिथे विरली असती. चारशे फोटोंतला सर्वांत देखणा म्हणून मी जो निवडला, तो काम सुरू व्हायच्या आधीचा होता.

[चाचा आत जातात. तंबोरा घेऊन येतात. कॅमेऱ्याचं झाकण निघतं.]

त्यांनी जवारी काढलेला तंबोरा दाराशी आणला, उजेड येईल असा धरला. “आता घे.”

मी घेतला. दोन प्रती नव्याने छापल्या, फक्त मधला कागद बदलून. त्यातली एक या दुकानात, खुंट्यांच्या डब्याशेजारी आहे.

[तंबोरा. चार तारा. निवेदन नाही.]