डोळ्यांच्या पातळीवरचं खेडं

श्रोतेहो, नमस्कार.

१५५९ साली आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात हिएरोनिमस कॉक या प्रकाशकाने छापील चित्रांचा एक संच विक्रीला काढला. दोन वर्षांनी दुसरा. दोन्ही मिळून ४४ चित्रं, जेमतेम वीतभर रुंद. गवताने शाकारलेली घरं, कुंपणं, झाडं, वळणावर दिसेनासा होणारा रस्ता. माणसं असलीच तर बारकी, आपापल्या कामात.

त्या काळात ही केवढी धिटाई! तोवर तिथलं नामांकित निसर्गचित्र म्हणजे चित्रकार योआखिम पाटिनिरचं: आभाळातून पाहावेत तसे सुळके, नद्या, दूरवरचा समुद्र आणि त्यात बायबलमधला एखादा प्रसंग. इथे चित्रकार खेड्यातल्या वाटेवर उभा आहे. उभ्या माणसाला जेवढं दिसतं, तेवढंच त्याने काढलंय. शीर्षकपानावर लॅटिनमध्ये छापलंय, ही दृश्यं प्रत्यक्ष पाहून काढली आहेत.

रेखाटनांवरून तांब्याचे पत्रे केले योहानेस आणि लुकास व्हान डुटेकम या भावांनी. पद्धत एचिंगची. पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचं आणि पत्रा आम्लात ठेवायचा. मेण निघालं तेवढ्याच जागी आम्ल तांबं खातं. त्या चरांत शाई भरून दमट कागद दाबला, की ठसा उमटतो. तांबं कोरताना मनगटाचा जोर लागतो. मेणावर सुई अलगद फिरते. म्हणूनच छपराचं विस्कटलेलं गवतसुद्धा नीट उतरलं.

रेखाटनं कुणाची, हे कॉकने छापलं नाही. १६०१ च्या आवृत्तीवर कॉर्नेलिस कॉर्ट या चित्रकाराचं नाव आलं. १६१२ मध्ये आम्स्टरडॅमचा चित्रकार-प्रकाशक क्लास यान्स फिस्कर याने याच चित्रांच्या नकला काढल्या आणि नाव घातलं नामवंत चित्रकार पीटर ब्रूगेलचं. अभ्यासक आज दोन्ही नावं मानत नाहीत. एवढी साधी, खरी नजर असलेला हा माणूस बेनावच राहिला, याची मला फार हळहळ वाटते.

त्याची नजर मात्र उत्तरेत, म्हणजे आजच्या नेदरलँड्समध्ये, रुजली. १६०९ पासून तिथल्या लोकांचा स्पेनशी बारा वर्षांचा युद्धविराम होता, शहराबाहेर हिंडणं सोपं झालं होतं. फिस्करने तिथल्या हार्लेम शहराच्या परिसरावर स्वतःची मालिका काढली. तीत वाळूच्या टेकड्यांजवळची कापड शुभ्र करायची मैदानं आहेत, क्लेफचा पडका वाडा आहे.

आम्स्टरडॅमच्या रायक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर ही चित्रं बघायला मिळतात. मोठी करून बघा, आणि आधी झाडांची पानं बघा.