आधी प्लग, मग पॉइंट, कार्बोरेटर शेवटी

गोव्यातल्या फोंड्याच्या एका गॅरेजमध्ये अॅम्बेसेडर उभी आहे. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची थांबली २०१४ साली. आता ती राखतात ते जास्त करून हौशी लोक. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर.

मालकांची तक्रार एवढीच, "मेस्त्री, सपाटीला मस्त पळते, पण फर्मागुडीच्या चढाला मिसिंग मारते." कार्बोरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा स्क्रू त्यांनी घरीच फिरवून बघितलाय. जवळपास सगळेच फिरवतात. हाताला पटकन लागतो तोच ना!

मेस्त्री तिकडे बघतही नाहीत. इंजिन थंड झालंय. ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या वायरींवर चिकटपट्टीने नंबर घातले जातात, कारण फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, आहे १-३-४-२ आणि दोन वायरींची अदलाबदल झाली की गाडी नुसती खोकत बसते. प्लगभोवतीची माती फुंकून काढली. ती सिलिंडरमध्ये पडली तर नसती आफत.

चारही प्लग फडक्यावर ओळीने मांडलेत. तीन बिस्किटी रंगाचे, म्हणजे तब्येत ठीक. तिसऱ्या नंबरचा मात्र काळाकुट्ट, वर कोरडी काजळी. चारही काळे असते तर संशय कार्बोरेटरवर गेला असता. काळा एकच, म्हणजे तिथे पेट्रोल पोचतंय, पण नीट पेटत नाही. काजळीऐवजी ओलं तेल असतं, तर गोष्ट पिस्टनच्या रिंगांपर्यंत गेली असती आणि खर्चही.

आता फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्त्या. या इंजिनाला प्लगची गॅप हवी २५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), साधारण ०.६४ मिलिमीटर. तिसऱ्या प्लगमध्ये ३५ ची पत्ती आरामात शिरते. झिजून झिजून फट वाढलीय. सपाटीवर ती खपून जाते. चढाला अॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो, आणि ती फट ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. व्होल्टेज वाढवणारी कॉइल तेवढं देऊ शकली नाही, की झटका. त्यात गोव्याची दमट हवा. चारही प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रीब्यूटरच्या कॅपला बारीकशी चीर असली तरी पावसाळ्यात करंट तिथूनच पळतो. रात्री अंधारात बॉनेट उघडून बघा, निळ्या ठिणग्या दिसतात.

झिजलेला प्लग बाजूला जातो, नवा येतो. नव्याचीही गॅप मेस्त्री मोजतातच. खोक्यातून निघाला म्हणून बरोबर असेल, असं नाही. वाकवायचा तो फक्त बाहेरचा हुकासारखा दांडा, हलक्या हाताने ठोकून. मधल्या दांड्याला पाना टेकवून जोर लावला तर पोर्सिलेन तडकतं. पत्ती किंचित अडत सरकली की झालं.

मग पॉइंट, म्हणजे डिस्ट्रीब्यूटरमधले करंट जोडणारे-तोडणारे संपर्क. त्यांना उघडणाऱ्या कॅमचा उंचवटा बरोबर पॉइंटच्या टाचेखाली आणून गॅप ठेवायची १५ थाऊ. हे केल्यावर ठिणगीचं टायमिंग पुन्हा बघावंच लागतं, कारण पॉइंटची गॅप वाढली की ठिणगी लवकर पडते. त्यासाठी महागडं यंत्र नको, १२ व्होल्टचा बल्ब पुरे. एक वायर डिस्ट्रीब्यूटरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. इंजिनाची पुली टायमिंगच्या खुणेवर आणायची, इग्निशन चालू करायचं आणि डिस्ट्रीब्यूटर सावकाश फिरवायचा. पॉइंट उघडतात त्या क्षणी बल्ब पेटतो. तिथेच नट आवळायचा.

कार्बोरेटरची पाळी आता. इंजिन गरम करून मिश्रणाचा स्क्रू आत नेला की इंजिन अडखळतं, बाहेर घेतला की सावरतं. सगळ्यात गुळगुळीत जिथे चालेल तिथे थांबायचं. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यात ऑक्सिजन असल्याने कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या भोकावर) मिश्रण पातळ पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, म्हणून मेस्त्री स्क्रू जरासा जाडकडे, जास्त पेट्रोलकडे ठेवतात. इथेनॉलने जुनं रबरही फुगतं.

"भाऊ, पेट्रोलच्या नळ्या तेवढ्या बदलून घ्या," मेस्त्री बॉनेट लावता लावता सांगतात. "चढ नंतर बघू."