सोळा षटकं कोण टाकणार?

[आझाद मैदान. रात्रभरच्या पावसानंतरची सकाळ. माळी स्पंजने पिचवरचं पाणी टिपून बादलीत पिळतोय.]

आझाद मैदानावर २२ पिचेस आहेत. पावसाळ्यात त्यातली निम्मी सकाळी पाण्याखाली असतात, दुपारी खेळायला तयार होतात. कांगा लीग ही मुंबईतल्या क्लबांची पावसाळी स्पर्धा १९४८ पासून याच दिवसांत खेळली जाते, उघड्या पिचवर. आज चेंडू उसळेल, थांबेल की घसरेल, हे पहिली दोन षटकं पडेपर्यंत कुणी सांगू शकत नाही.

या संघाला एक गोष्ट मात्र आधीच ठाऊक आहे. त्यांचा पहिला बोलर आज खेळणार नाही. या हंगामात आता खेळणारच नाही.

[टेंट. स्कोअररच्या शेजारी बसलेला उंच मुलगा पेन्सिलीला टोक करतोय.]

वय २१. उजव्या हाताचा जलदगती. राहायला विरार. कमरेच्या पाचव्या मणक्याला डाव्या बाजूने स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने हाडाला गेलेली चीर.

[स्लो मोशन, मागच्या हंगामातलं शूटिंग. पुढचा पाय क्रीजवर आपटतो.]

इथे बघा. पुढचा पाय टेकतो त्या क्षणी जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पट जोर उलटा वर येतो. गुडघा ताठ असेल तर तो थेट कमरेपर्यंत जातो. त्याच वेळी कंबर मागे वाकलेली, डावीकडे झुकलेली आणि पीळ खात असलेली. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो. हा सगळा भार त्याच्यावर येतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याचा तो बहुतेक वेळा डावीकडे तडकतो, डावखुऱ्याचा उजवीकडे. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच.

[तीच फ्रेम थांबवलेली. खांद्यांवर आणि कमरेवर पांढऱ्या रेषा.]

मागचा पाय टेकला तेव्हा खांदे जवळजवळ समोर आहेत. पुढचा पाय टेकेपर्यंत ते आडवे वळलेत, कंबर मात्र फलंदाजाकडे तोंड करूनच आहे. याला मिक्स्ड ॲक्शन म्हणतात. खांद्यांचं हे उलटं वळण ३० अंशांच्या वर गेलं की पाठीचा धोका वाढतो. त्याचं वळण त्याहून बरंच जास्त आहे, हे मोजायला यंत्र लागत नाही. बाजूने मोबाइल धरला तरी दिसतं. दोन वर्षं दिसत होतं. विकेट पडत होत्या, म्हणून कुणी हात लावला नाही.

पण ॲक्शन तीच असताना पाठ याच वर्षी का गेली? त्याचं उत्तर कोचच्या वहीत आहे.

[वहीचं पान, क्लोजअप. आडवे आठवडे, उभे वार. मधले दोन रकाने कोरे.]

ही वही दुखापतीनंतर सुरू झाली. मागचे आकडे स्कोअरबुकातून आणि त्या मुलाच्या आठवणीतून भरलेत. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येकी १२० चेंडू, सामना आणि नेट मिळून. मग पाऊस. दोन रविवार वाहून गेले, नेटही बंद. शून्य, शून्य. पाचव्या आठवड्यात ऊन पडलं. मंगळवारी नेटमध्ये ६०, गुरुवारी ६०, रविवारी सामन्यात १६ षटकं म्हणजे ९६. बेरीज २१६. आधीच्या चार आठवड्यांची सरासरी ६०. म्हणजे एका आठवड्यात साडेतीनपटीहून जास्त.

दीडपटीच्या वर गेलं की सावध व्हायचं, असा साधारण हिशोब धरतात. शिवाय हाडाचं दुखणं लगेच बोलत नाही. अशा आठवड्यानंतर तीन-चार आठवडे धोका चढाच राहतो. म्हणून ज्या रविवारी त्याची पाठ धरली, त्या रविवारी त्याने फक्त पाच षटकं टाकली होती आणि सगळे बुचकळ्यात पडले. एक्स-रे साफ आला. अशा दुखण्यात सुरुवातीला तो बहुतेक साफच येतो. हाडाला आलेली सूज एमआरआयमध्ये दिसते. मधल्या काळात मालिश, गरम पाण्याची पिशवी, दुखण्याची गोळी आणि आणखी एक सामना.

कांगातला हा खरा धोका आहे. चिखलाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. पावसाने दिलेली सक्तीची विश्रांती आणि त्यानंतरचा हावरेपणा, याकडे जात नाही.

[टेंटमधले जुने, ओल धरलेले फोटो. कॅमेरा सावकाश सरकतो.]

रमाकांत देसाई, मुंबईचे जलदगती बोलर. उंची जेमतेम ५ फूट ४ इंच. फेब्रुवारी १९५९मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी खेळले तेव्हा वय १९. एका डावात ४९ षटकं, ४ बळी. मैदानात हे आजही कौतुकाने सांगतात, आणि कौतुक योग्यच आहे. पण त्याला जोडून ‘आणि आजची पोरं सोळा ओव्हरला कण्हतात’ हे जे येतं, ते ऐकून बरीच पोरं दुखणं लपवायला शिकली आहेत.

[कोच आणि कप्तान. मांडीवर स्कोअरबुक, हातात चहा.]

आता प्रश्न सोळा षटकांचा. संघ डावात साधारण ५४ षटकं टाकतो असं धरा. त्यातली १६ त्याची. त्याच्या ताकदीचा दुसरा बोलर शोधायचा, हा पहिला विचार सगळ्यांचाच असतो. असा बोलर मोकळा सापडत नाही, सापडला तर दुसऱ्या क्लबने नोंदवलेला असतो. म्हणून कोचने माणूस शोधायचं सोडून षटकांचे तुकडे पाडले. नव्या चेंडूची ६. मधली ४, जोडी जमली की फोडायला. शेपूट, म्हणजे शेवटचे फलंदाज, गुंडाळायला ६.

पूर्वीची वाटणी अशी: त्याची १६, डावखुऱ्या मध्यमगतीची १०, तिसऱ्या सीमरची (तोही वेगवान टाकणारा) ८, ऑफस्पिनरची १२, डावखुऱ्या फिरकीची ८. नव्या वाटणीत डावखुरा मध्यमगती १२वर गेला. तिसरा सीमर १०वर. ऑफस्पिनर १६, डावखुरी फिरकी १३. उरलेली ३ एका फलंदाजाकडे, जो कटर टाकतो, म्हणजे टप्पा पडल्यावर कापत जाणारा चेंडू.

तिसऱ्या सीमरकडे फक्त दोन षटकं जास्त का? तो १७ वर्षांचा आहे. स्टार गेल्यावर सगळ्यांच्या नजरा याच पोराकडे वळतात, आणि दुसरी दुखापत इथेच तयार होते. इंग्लंडच्या बोर्डाच्या मार्गदर्शक नियमांत या वयाला एका स्पेलला (एका दमात) ७ आणि दिवसाला १८ षटकांची मर्यादा आहे. कोचने त्याहून आखूड दोरी ठेवली: पाच-पाचचे दोन स्पेल, मध्ये किमान तासभर. सकाळी कॉलेजचा सामना झाला असेल तर दुपारी चेंडू हातात नाही. तो पोरगा विचारतो, “सर, एक ओव्हर तरी?” उत्तर ठरलेलं आहे.

[नेट. ओली माती. खुणेचे दोन चपटे कोन टप्प्याच्या जागी.]

डावखुरा मध्यमगती ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास टाकतो. नवा चेंडू मिळाल्यावर त्याने पहिल्याच दिवशी जे केलं, ते अशा जागी आलेला जवळपास प्रत्येक जण करतो. वेग वाढवायला गेला. खांदा ओढला, डोकं बाजूला पडलं, चेंडू आखूड. ओल्या पिचवर आखूड चेंडू बसतो, फलंदाज मागे जाऊन आरामात खेळतो.

“अरे, जोर नको. टप्पा दे.”

कोन ठेवलेत यष्ट्यांपासून पाच आणि सहा मीटरवर. त्या पट्ट्यात पडलेला चेंडूच मोजायचा. सहा चेंडूंत चार पडले की षटक पास. स्टारचा टप्पा याहून मागे होता, कारण त्याचा वेग उसळी काढायचा. याच्या वेगाला पुढे टाकणंच भाग आहे. फलंदाजाला मागे जायला वेळ मिळता कामा नये.

[बोटांची पकड, क्लोजअप.]

कटरची पकड: पहिलं बोट सीमच्या, म्हणजे चेंडूच्या शिवणीच्या, कडेवर, मधलं बोट किंचित अलग, अंगठा खाली. सोडताना बोट चेंडूच्या बाजूने खाली ओढायचं. मनगट वळवलं की चेंडू नुसता हळू होतो, कापत नाही. अर्धवट वाळलेल्या पिचवर असा चेंडू थांबून येतो आणि बॅटच्या वरच्या भागाला लागतो. झेल उडतात, पण स्लिपमध्ये जात नाहीत.

[सामना. क्षेत्ररक्षण वरून, शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून घेतलेलं.]

म्हणून क्षेत्ररचना बघा. स्टार टाकायचा तेव्हा तीन स्लिप, गली, कीपर पंधरा पावलं मागे. आता एकच स्लिप, तीही पुढे सरकलेली. बाकीचे शॉर्ट कव्हर आणि शॉर्ट मिडविकेटला. कीपर थेट यष्ट्यांमागे, हेल्मेट घालून. तो पुढे आला की फलंदाज क्रीजबाहेर उभा राहू शकत नाही, आणि क्रीजबाहेर उभं राहणं हाच कटरवरचा सोपा उपाय. पहिल्या सामन्यात कप्तानाने सवयीने तीन स्लिप लावल्या होत्या. पहिल्या चार षटकांत तीन झेल मोकळ्या शॉर्ट कव्हरमध्ये पडले.

सीमेवरची दोन माणसं पहिल्यापासून मागे आहेत, लाँगऑन आणि डीप मिडविकेट. आउटफिल्डचं गवत घोट्याला लागतं. जमिनीवरून मारलेला चेंडू त्यात अडकतो, त्यामुळे धावा हवेतूनच काढाव्या लागतात.

[ऑफस्पिनर नवा चेंडू टॉवेलने पुसतो. खिशातून भुसा.]

दुसऱ्या टोकाकडून, महापालिकेच्या इमारतीच्या बाजूने, नव्या चेंडूवर ऑफस्पिनर. नवा चेंडू हातातून निसटतो, म्हणून त्याने पहिली दोन षटकं फिरकी द्यायचीच नाही असं ठरवलंय. सीम आडवी ठेवून सरळ टाकायचं. एखादा वळतो, एखादा घसरतो. टाकणाऱ्यालाच माहीत नसतं, तर फलंदाज कुठून ओळखणार! चेंडू भिजला की मात्र हे संपलं. चामडं फुगतं, सीम दबते, पकड जाते. म्हणून दोन टॉवेल मैदानावर, दोन कोरडे पंचांच्या परवानगीने सीमेबाहेर. दर षटकाला चेंडू पुसायचं काम मिडऑनकडे.

बोलरच्या पुढच्या पायाखाली पडणारा खड्डा दर अर्ध्या तासाने भुशाने भरतात आणि वरून दाबतात. नुसता सैल भुसा टाकला तर तो पाय आणखी घसरवतो. हे काम माळीकाका स्वतः करतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

शेपटाचं कोडं पूर्ण सुटलं नाही. वेगवान यॉर्करला पर्याय नाही. त्या हंगामात संघ काही सामने जिंकला, काही हरला, दोन पावसाने गेले, पण संघ आपल्या गटात टिकला.

[वानखेडे, बाहेरून. दिवे. मागून चर्चगेटची लोकल.]

इथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर हाच प्रश्न मोठ्या पैशांत सोडवला जातो. २०२३च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सकडे जसप्रीत बुमरा नव्हता. पाठीच्या दुखण्यावर त्याच मार्चमध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली होती. जोफ्रा आर्चरही मोसम अर्धवट सोडून गेला. संघाने बोलिंगचं भगदाड बॅटिंगने बुजवलं: त्या मोसमात चार वेळा २०० किंवा त्याहून मोठं लक्ष्य गाठलं. सर्वाधिक बळी लेगस्पिनर पीयूष चावलाचे, २२. चेन्नईतल्या एलिमिनेटरमध्ये आकाश मढवालने ५ धावांत ५ बळी घेतले. पुढच्याच सामन्यात गुजरातने त्यांना बाहेर काढलं. तिथेही एका माणसाचं काम चार जणांनी तुकड्यातुकड्याने केलं. फरक एवढाच की तिथे बदली खेळाडू विकत घेता येतो आणि बोलरचा प्रत्येक चेंडू कुणीतरी मोजत असतो.

मैदानात क्लब आपले चेंडू मोजत नाही, मग कॉलेजचे आणि ऑफिसचे कोण मोजणार? पोरगा एकच असतो. सामने तीन ठिकाणचे. विरारहून किटबॅग घेऊन तासाहून जास्त वेळ लोकलमध्ये उभं राहणं कुठल्याच हिशोबात येत नाही.

[वही पुन्हा. आता हस्ताक्षर त्या मुलाचं.]

म्हणून ही वही आता तोच लिहितो, संघातल्या पाचही बोलरांची. नियम तीन आहेत. रोज रात्री आठच्या आत प्रत्येकाने त्या दिवशीचे चेंडू मेसेज करायचे, कुठेही टाकलेले असोत. पावसाने रविवार गेला तरी आठवड्यात दोनदा २४ ते ३० चेंडू मॅटवर टाकायचेच, सिमेंटवर थेट नाही. आणि कोऱ्या आठवड्यानंतरच्या पहिल्या सामन्यात कुणालाही दहाच्या वर षटकं नाहीत, मग समोरचा संघ नऊ बाद का असेना.

शेवटच्या नियमावरून टेंटमध्ये भांडण झालं. ते कॅमेऱ्यात नाही.

[जिम. मग रिकामं मैदान, हिवाळ्याची सकाळ. तो चालत येऊन चेंडू टाकतो.]

पहिले तीन महिने बोलिंग बंद. पाठ मागे वाकवणारा एकही व्यायाम नाही. पोट, कुल्हे, मांडीचा मागचा भाग. मग धावणं, सुरुवातीला एका सरळ रेषेत. या काळात एका कंपनीच्या क्रिकेट भरतीची चाचणी होऊन गेली. त्याला जाता आलं नाही.

चौथ्या महिन्यात चेंडू हातात. जागेवर उभं राहून १२. मग चार पावलं चालत २४, निम्म्या जोराने, एक दिवसाआड. लागोपाठ दोन दिवस कधीच नाही. रनअप दर आठवड्याला थोडा लांब, पण चेंडू आणि जोर एकाच आठवड्यात दोन्ही वाढवायचे नाहीत. पाठीत नेमक्या त्याच जागी टोचलं तर एक पायरी मागे. आतापर्यंत एकदा मागे यावं लागलंय.

ॲक्शनमध्ये एकच बदल: मागचा पाय आता थोडा समोर वळवून टेकतो, म्हणजे खांदे आणि कंबर एकाच दिशेला राहतात. वेग थोडा कमी झालाय. परत येईल की नाही, हे पूर्ण रनअप सुरू झाल्यावर कळेल.

उन्हाळी स्पर्धेत तो उतरेल तेव्हा पहिल्या सामन्यात चार-चार षटकांचे दोन स्पेल. नवा चेंडू डावखुऱ्याकडेच राहणार आहे. कप्तानाने तसं दोघांना सांगून टाकलंय.