थेंब बुडला पाहिजे

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : काचेची छोटी बरणी, आत निळं पाणी. वरून रक्ताचा एक थेंब पडतो.]

हे मोरचुदाचं पाणी. रक्तदान शिबिरात नाव लिहिलं, वजन झालं, रक्तदाब झाला की बोटाला सुई टोचतात आणि रक्ताचा एक थेंब या पाण्यात सोडतात. पाण्याची घनता मोजून ठेवलेली असते. हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅमच्या वर असलं, तर थेंब सरळ तळाला जातो. आता बऱ्याच ठिकाणी यासाठी छोटं मीटर आलंय, पण ही बरणी अजून कुठे कुठे दिसते.

बघा. हा थेंब घुटमळतोय. खाली जातच नाही.

“ताई, आज नाही जमणार. आधी रक्त वाढवा, मग या.”

ती उठली, बोटावरचा कापूस दाबत बाजूला झाली. तिच्यामागे उभ्या असलेल्या मैत्रिणीचंही तेच झालं.

ही मुलगी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या पुढे. नागपुरात रविनगरच्या बाजूला तिघी मिळून एक रूम घेऊन राहतात. नाव सांगू नका म्हणाली, म्हणून सांगत नाही. ती आजारी नाही. जिना चढताना धाप लागते, दुपारच्या तासाला डोळे मिटतात, केस गळतात. हे सगळं ती अभ्यासाच्या ताणावर ढकलत आली होती. मीही याच शहरात शिकले. माझाही थेंब असाच वर राहिला होता, आणि मीही अभ्यासालाच दोष दिला होता. म्हणून तिच्या पाठोपाठ एक अख्खा दिवस फिरायचं ठरवलं.

[दृश्य : अमरावती रोड, सकाळ. विद्यापीठाच्या परिसराकडे जाणाऱ्या दुचाक्या, सायकली, पायी चालणारी मुलं.]

नागपूर विद्यापीठ १९२३ सालचं. शंभर वर्षं उलटून गेली. वर्धा, भंडारा, गोंदिया इथली पोरं शिकायला इथंच येतात. गडचिरोली-चंद्रपूरसाठी २०११ साली गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालं, तरी तिकडचीही कितीतरी मुलं नागपुरातच दिसतात. घरून निघताना आई डब्यात जवसाची चटणी देते, लाखोळीची डाळ देते, तांदूळ देते. म्हणजे चांगलं काय खायचं हे या मुलांना शिकवायची गरज नाही. ती ते खाऊनच मोठी झालीत. बिघडते ती वेळ.

सकाळी आठचा तास. साडेसातला उठायचं, आंघोळ, आणि पळायचं. पोटात काही नाही. रात्री साडेनऊला मेसच्या डब्यातल्या दोन पोळ्या खाल्ल्या होत्या, त्यानंतर आता थेट अकरा वाजता चौकात.

[दृश्य : पोह्याचा ठेला. मोठ्या परातीत पिवळे पोहे, बाजूला तर्रीचं भगुणं, वर तेलाचा लाल थर.]

नागपूरकराला तर्री पोहा समजावून सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. पोहे, त्यावर काळ्या चन्याची झणझणीत तर्री, वरून कांदा, सांबार आणि लिंबाची फोड. इथं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पोषणाच्या नजरेनं बघितलं तर ही प्लेट बरीच शहाणी आहे. चन्यात प्रथिनं आहेत, लोह आहे. थोडंफार लोह पोह्यातही असतं. वनस्पतींमधलं लोह शरीराला सहज मिळत नाही, त्याला ‘क’ जीवनसत्त्वाची सोबत लागते. आणि ते लिंबू तिथंच प्लेटच्या कडेला ठेवलेलं आहे. कोण्या आहारतज्ज्ञानं हे ठरवलं नव्हतं, चवीनंच जमून आलं.

आता पुढचं नीट बघा. पोहे अर्धे झाले की हाक जाते, “भाऊ, दोन कटिंग.”

चहातले टॅनिनसारखे घटक लोहाला धरून ठेवतात. जेवणासोबत चहा घेतला, तर वनस्पतीजन्य अन्नातून मिळणारं लोह निम्म्याहून जास्त वाया जाऊ शकतं. चना खाल्ला, लिंबू पिळलं, आणि वरून चहा ओतून सगळं धुऊन टाकलं. तोच चहा तासाभरानं घेतला तर नुकसान बरंच कमी होतं. चहा सोडा असं मी कोणालाच म्हणणार नाही, नागपुरात तर नाहीच. पण घड्याळाकडे बघून प्या.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या हिशोबानं प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या रेषेखाली निघाल्या. बरणीतला तो घुटमळणारा थेंब या आकड्यातलाच एक आहे.

इथं थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपण विदर्भात आहोत. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि १२० दिवस जगण्याऐवजी १० ते २० दिवसांतच मोडतात. रक्त कमी दिसतं, पण कारण वेगळं असतं. म्हणून हिमोग्लोबिन कमी आलं की मेडिकल दुकानातून स्वतःच्या मनानं गोळ्या आणू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, सिकलसेलची तपासणी करून घ्या. आमच्या या मुलीनं ती केली. तिला सिकलसेल नाही, लोह कमी आहे.

[दृश्य : मेस. स्टीलची ताटं, पातळ वरण, आलूची भाजी.]

दुपारी मेस. वरण पातळ, भाजीत आलू जास्त. मेसवाल्या काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “पालेभाजी निवडायला दोन बाया जास्त लागतात पोरी, आणि महिन्याचे पैसे तुम्ही तेवढेच देता.” त्यांचं चुकत नाही. पालेभाजीला हात लागतात, आणि हातांना मजुरी लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. मेसच्या वाटीत त्याच्या जवळपास जाणारं काहीच नाही. म्हणून जे मेसमधून मिळणार नाही ते रूमवर कसं येईल, हे बघावं लागतं.

मुलांच्या बाजूला वेगळंच दुखणं आहे, आणि ते मी टाळणार नाही. खर्रा. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना घोटून प्लास्टिकच्या पुडीत. “भूकच नाही लागत,” एकानं सांगितलं. तंबाखू भूक मारते. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि एक दिवस तोंडात दोन बोटंही मावत नाहीत. विशीतल्या पोरांचं हे होतंय. कर्करोगाची वाट तिथूनच पुढे जाते. गुटखाबंदी २०१२ ची आहे, पुडी मात्र चौकाचौकात मिळते.

उन्हाळ्याचं थोडक्यात. पारा पंचेचाळिशीला टेकला की मुलं थंड बाटलीकडे वळतात. अडीचशे मिलिलिटरच्या कोल्याच्या बाटलीत साधारण सहा चमचे साखर असते. माठाचं पाणी, मठ्ठा, कैरीचं पन्हं याच शहरात मिळतं, आणि तेही रस्त्यावरच.

[दृश्य : रविवार, गोकुळपेठ बाजार. पालेभाज्यांच्या जुड्या, संत्र्यांचे ढीग.]

शिबिरातून परत आलेल्या त्या दोघी आणि तिसरी मैत्रीण, तिघींनी मिळून रविवारी बाजार केला. चवळीची भाजी, आंबाडी, लिंबं, आवळे, एक किलो काळा चना, फुटाणे आणि शेंगदाणे. संत्री घेताना जरा घासाघीस झाली. भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं संत्रं, पण रूमवर राहणारी पोरं ते किती खातात? पाहुणा आला की त्याला पेटी देतो आपण. ‘क’ जीवनसत्त्व त्यातही आहे, लिंबातही आहे, आणि आवळ्यात तर सगळ्यांहून जास्त आहे.

रूमवर गॅस आहे, एक कुकर आहे. आणि आता साकोलीहून आलेली लोखंडी कढई आहे. आजीची. आंबट भाजी लोखंडात शिजवली की थोडं लोह भाजीत उतरतं. आंबाडी त्यात काळपट झाली म्हणून दोघींनी नाकं मुरडली. तिसरीनं खाऊन टाकली.

सगळं काही रुळावर आलं असं नाही. परीक्षेच्या आठवड्यात रात्री दोनपर्यंत दिवे जळले, पाकिटातल्या नूडल्सही झाल्या, आणि झोप पाच तासांवर आली. या वयाला सात तास तरी हवेत. हे त्यांनाही कळतं. अभ्यासिकेत जागा धरायची तर पहाटे रांगेत उभं राहावं लागतं, हे मलाही कळतं.

पण सकाळचं बदललं. आता आठच्या तासाच्या आधी वाटीभर उकडलेला चना, कांदा, सांबार, वर लिंबू. चहा साडेनऊला, तास सुटल्यावर. डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज घेतली जाते, तीही चहासोबत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला बोलावलंय.

[दृश्य : रात्र. रूम. भिंतीवर वहीचं फाडलेलं पान, त्यावर तीन जणींची आद्याक्षरं आणि वार.]

चना भिजवायची पाळी कोणाची, ते या कागदावर लिहिलेलं आहे. आज बुधवार. तिची पाळी. ती डबा उघडते, तीन मुठी चना स्टीलच्या भगुण्यात टाकते, दोनदा धुते, बोटाच्या दोन पेरांएवढं पाणी वर ठेवते. ताटली झाकते. मग दिवा मालवते.