पट्टी सुटल्यानंतर

(पडदा काळा. प्लास्टिकचे ठोकळे एकमेकांवर आपटल्याचा आवाज. हळूहळू उजेड.)

शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांवरची पट्टी सुटून दोन दिवसही झालेले नाहीत. चादरीखाली हात घालून मुलगा एक ठोकळा चाचपतोय. इथे खाच, तिथे उंचवटा. ठोकळा काढून घेतात. आता समोर दोन ठोकळे. फक्त बघायचे, हात लावायचा नाही. मघाशी हातात होता तो यातला कोणता?

त्याला ओळखता येत नाही.

डोळ्यांना आता दिसतंय. एक ठोकळा दाखवून तसाच दुसरा शोधायला सांगितला, तर ही मुलं शंभरात ब्याण्णव वेळा बरोबर येतात. हातानं चाचपून हातानंच ओळखायचं असेल, तर अठ्ठ्याण्णव वेळा. पण हातानं ओळखलेलं डोळ्यांनी शोधायला गेलं की अठ्ठावन्न. नुसता अंदाज ठोकला तरी पन्नास येतात.

आठ ते सतरा वर्षांची ही पाच मुलं. जन्मापासून दृष्टी अडलेली, बहुतेकांची मोतीबिंदूमुळे. त्यांच्यावरचा हा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 1688 सालच्या एका प्रश्नाला उत्तर मिळालं. डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूनं तत्त्वज्ञ जॉन लॉकला पत्रातून विचारलं होतं: जन्मांध माणसाला अचानक दिसू लागलं, तर हातानं ओळखीचा असलेला गोल आणि घन तो नुसत्या नजरेनं ओळखेल का? मॉलिन्यूची स्वतःची पत्नी दृष्टिहीन होती. हा प्रश्न त्याच्या घरातूनच आला असावा, असं मला वाटतं.

(दृश्य: दिल्लीतला रस्ता, रहदारी.)

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक पवन सिन्हा यांनी दिल्लीत अशी मुलं पाहिली. उपचारानं बरी होऊ शकणारी, पण उपचारापर्यंत न पोहोचलेली. त्यातून 'प्रोजेक्ट प्रकाश' उभा राहिला. दर्यागंजच्या श्रॉफ नेत्र रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊ लागल्या. ती पाच मुलं याच प्रकल्पातली.

तेव्हा प्रचलित समज असा होता, की सात-आठ वर्षांच्या पुढे उपयोग नाही. त्यामागे आधारही होता. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने बंद ठेवला. नंतर उघडला, तरी मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला फारशी दाद देईनात. या दोघांना 1981 चं नोबेल मिळालं.

आणि इथे मुलं शिकत होती! ठोकळ्यांच्या त्याच चाचणीत एका मुलाची अवघ्या पाच दिवसांत लक्षणीय प्रगती झाली.

(दृश्य: कागदावर एकमेकांवर चढलेले गोल आणि चौकोन.)

आपल्याला इथे दोन आकृत्या दिसतात. नव्यानं दृष्टी आलेल्यांना प्रत्येक तुकडा वेगळी वस्तू वाटतो. रेषा कुठे संपली, कोणती कोणाची, काही कळत नाही. पण त्यातली एक आकृती हलवा. तुकडे एकत्र येतात, वस्तू वेगळी उठून दिसते. जे एकत्र हलतं ते एकच, हे मेंदूला आधी उमगतं. हलत्या वस्तूंवर सराव होत गेला, की पुढे स्थिर चित्रंही ओळखता येऊ लागतात.

दृष्टी मात्र पूर्ण सुधारत नाही. बारकावे धूसरच राहतात, म्हणून वेळ घालवू नये. तान्ह्या बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं.

2024 मध्ये याच गटाचा आणखी एक अभ्यास आला. उशिरा दृष्टी आलेली मुलं रंगीत चित्रं चांगली ओळखतात. तीच चित्रं कृष्णधवल केली, की अडखळतात. जन्मापासून पाहणाऱ्यांचं तसं होत नाही. संशोधकांच्या मते कारण पहिल्या महिन्यांत आहे. नवजात बाळाच्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी अजून अपक्व असतात. मेंदू आधी उजेड-सावलीवर आकार शिकतो, रंग मागून येतात. या मुलांना रंग पहिल्याच दिवशी मिळाले आणि त्यांचा मेंदू रंगांवरच विसंबला.

(दृश्य: पाळणा. वर टांगलेलं कापडी चिमणाळं.)

लाल, हिरव्या, पिवळ्या चिमण्या. खाली झोपलेल्या पंधरा दिवसांच्या बाळाला त्यांचे रंग फिके दिसतात, कडा पुसट. वाऱ्यानं चिमणाळं फिरतं. बाळाची नजर त्याच्या मागे जाते.