पट्टा कसू नका, काका

(अंधारी खोली, फक्त मशीनचा छोटा दिवा)

रात्रीचे अडीच वाजलेत. इंदूरच्या रामबागेतलं घर, बाहेर डिसेंबरची थंडी, आणि आत एक आवाज येतोय बघा, फुर्र्र... फुर्र्र... फुग्याचं तोंड चिमटीत धरून हवा सोडावी तसा. काकू उठून बसल्यात. "अहो, परत सुटली हवा." काका अर्धवट झोपेत डोक्यामागे हात नेतात, मास्कचा पट्टा अजून थोडा कसतात, दोन मिनिटं शांत, की परत फुर्र्र. तीन आठवडे झाले, रोज हेच चाललंय.

काकांना स्लीप अ‍ॅप्निया आहे. झोपेत घसा सैल पडतो, श्वासाची वाट मिटते, मेंदू दचकवून उठवतो आणि परत तेच. तासाला ५ च्या आत असं झालं तर ठीक, ३० च्या वर गेलं की गंभीर, आणि काकांचा आकडा होता ४१. म्हणून हे सीपॅप मशीन आलं, जे रात्रभर नळी आणि मास्कमधून हवेच्या दाबाने ती वाट उघडी ठेवतं.

(स्वयंपाकघर, उंच पेला, पाणी, स्ट्रॉ)

दाब म्हणजे किती, ते इथे बघा. पेल्यात पाणी, स्ट्रॉ १० सेंटिमीटर खोल, आता फुंका. पहिला बुडबुडा निघायला जेवढा जोर लागतो ना, तोच १० चा दाब. बहुतेक मशीन ४ ते २० च्या मधे चालतात. जोर तसा फार नाही, पण तो आठ तास न सुटता घशापर्यंत पोचला पाहिजे आणि घोळ तिथेच होतो.

हा घोळ मशीनइतकाच जुना आहे बरं का. सिडनीत डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मधे पहिल्यांदा हे करून बघितलं, ५ पेशंटवरचा त्यांचा लेख १९८१ मधे 'द लॅन्सेट'मधे आला, आणि सुरुवातीच्या त्या पेशंटना मास्क चक्क सिलिकॉनने चेहऱ्याला चिकटवावा लागायचा, कारण हवा सुटू नये एवढीच धडपड. आज मऊ कुशन आहेत, तीन-तीन प्रकारचे मास्क आहेत, आणि तरी मशीन कपाटात जातात. माझ्या बाबांचं गेलं होतं, याच कारणासाठी, म्हणून काकांचं जाऊ द्यायचं नाही असं मी ठरवूनच आले.

मशीन द्यायला आलेल्या माणसाने काकांना खुर्चीत बसवून मास्क लावून दाखवला, मशीन बंद असताना, पाच मिनिटांत. अहो पण झोपल्यावर गाल मागे जातात, जबडा खाली येतो, चेहराच बदलतो! आणि कुशनची ती पातळ कड असते ती हवेने फुगून चेहऱ्याला बसायला हवी, पट्टा कसला की ती चेपते, सुरकुती पडते आणि नेमकी तिथूनच हवा सुटते. वर नाकाच्या हाडावर लाल वळ उठतो तो वेगळाच.

(काका पलंगावर आडवे, मशीन सुरू)

तर आता काका आडवे, मशीन चालू, दाब नेहमीचा. रॅम्प, म्हणजे दाब हळूहळू चढवण्याची सोय, बंद ठेवलाय, नाहीतर सुरुवातीचा कमी दाब फसवतो. चारही पट्टे सैल केले. मास्क चेहऱ्यापासून जरा उचलला, कुशन फुगू दिली, अलगद परत टेकवली. मग पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे, आवाज थांबेपर्यंतच. काका म्हणाले, "अगं, हा तर पडेल!" नाही पडला. डावी कूस, उजवी कूस, दोन्ही करून बघितल्या.

मास्कच्या समोरच्या बारीक भोकांतून हवा येते ती मात्र येऊच द्यायची. काकूंनी तिथे टेप लावायचं ठरवलं होतं, बरं झालं विचारलं त्यांनी. उच्छ्वासाची हवा तिथूनच बाहेर जाते, ती भोकं बंद करणं धोक्याचं आहे.

दुसरी चोरवाट काकूंनीच पकडली. थंडीत काका झोपताना तोंडाला कोल्ड क्रीम चोपडतात, त्यावर सिलिकॉन घसरणारच! आता क्रीम सकाळी, रात्री चेहरा धुवून कोरडा, आणि कुशन रोज साध्या सौम्य साबणाने धुवून सावलीत वाळवायची.

सकाळी तोंडाला कोरड पडत असेल तर हवा तोंडातून जातेय, नाकाचा मास्क असेल तर बहुतेक हेच. आधी चोंदलेलं नाक बघा, ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारा भाग) वाढवून बघा, नाहीच जमलं तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क. पण इंदूरच्या थंडीत ह्युमिडिफायर वाढवला की नळीत पाणी साचून गुडगुड होते, त्यासाठी नळी रजईखालून घेतली आणि मशीन पलंगापेक्षा खाली ठेवलं.

आता दाब. हवा सुटते म्हणून दाब आपल्या मनाने वाढवू नका, कळकळीने सांगते. दाब आपोआप कमी-जास्त करणारं ऑटो मशीन असेल तर मोठ्या गळतीत त्याला श्वास नीट ओळखताच येत नाही, आणि दाब वाढला की गळती अजून वाढते. पोटात हवा भरून ढेकर येत असतील, सकाळी पोट फुगत असेल, तर हेही डॉक्टरांना सांगायचं, कदाचित दाब कमीच करावा लागेल. रात्री अकराला सराफ्याच्या खाऊबाजारात तळलेला गराडू खाऊन लगेच आडवं होणं काकांनी सोडलं, त्याने जळजळ तरी थांबली.

(मशीनचा स्क्रीन, सकाळ)

रेसमेड कंपनीच्या मशीनवर गळती मिनिटाला २४ लिटरच्या आत हवी. इतर कंपन्यांची मोजायची पद्धत वेगळी असते, त्यामुळे शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना नको. काकांची परवा ३८ होती, आज ११. श्वास अडण्याचा आकडा ३.४.

उजव्या कुशीवर अजून जरा सुटते, मिशीच्या कडेने. मिशी विसाव्या वर्षापासूनची आहे, ती काढा असं मी म्हणणार नाही. नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क गुरुवारी येतोय, तो आडवं होऊनच लावून बघायचाय.