सिनुलोग: बाळ येशू आणि मधली ४४ वर्षं

नमस्कार, मागच्यांना ऐकू येतंय ना? पत्रिकेत विषय छापलाय "सिनुलोग उत्सवाचा उगम आणि परंपरा", वेळ अर्धा तास, त्यातला बराचसा शाल-श्रीफळातच गेला, असो.

तर फिलिपिन्समधलं सेबू शहर. जानेवारीचा तिसरा रविवार म्हणजे तिथल्या सांतो निन्योचा, बाळ येशूचा सण, त्यालाच सिनुलोग म्हणतात. ढोल, पिसांचे मुकुट, "पिट सेन्योर"च्या (म्हणजे देवाला हाक मारा) आरोळ्या, व्हिडिओ तुमच्याही ग्रुपवर आलेच असतील. आणि टूरवाल्यांच्या ब्रोशरमध्ये काय असतं, तर "५०० वर्षांची अखंड परंपरा". या "अखंड"वर माझा राग आहे, आजचं भाषण खरं तर त्यासाठीच घेतलंय.

बाळ येशूची मूर्ती सेबूला आणली मॅगेलनने. आता मी दाभोळकडचा, त्यामुळे या माणसाशी आमचं जुनं वैर. पोर्तुगीजांच्या ज्या ताफ्याने १५०८ च्या डिसेंबरात दाभोळ जाळलं तोच ताफा पुढे दीवच्या लढाईला गेला, आणि त्या लढाईत हा मॅगेलन होता. पुढे पोर्तुगालच्या राजाशी बिनसलं, मग स्पेनची चाकरी धरली आणि उलट्या बाजूने निघून १५२१ च्या एप्रिलमध्ये सेबूला पोचला. तिथला राजा हुमाबोन, त्याचा बाप्तिस्मा झाला, राणीचाही झाला. पिगाफेट्टा म्हणून जहाजावर एक इटालियन होता, त्याने सगळं लिहून ठेवलंय, बायका-पोरं धरून ८०० जण म्हणतो. राणीला लाकडी बाळ येशू फार आवडला, आपल्या मूर्तींच्या जागी ठेवते म्हणाली, दिला.

दोन आठवड्यांत मॅगेलन शेजारच्या मॅक्टन बेटावर तिथल्या लापुलापू या सरदाराच्या माणसांकडून मारला गेला. (आज तिकडे हॉटेलात लापुलापू मागवा, ताटात हेकरूसारखा मासा येतो. एवढा सन्मान आपण कुठल्या वीराला दिलाय?) मग हुमाबोनने उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना जेवायला बोलावून कापून काढलं, वाचले ते पळाले. पाद्री नाही, चर्च नाही, प्रार्थना शिकवायला कोणी नाही, फक्त मूर्ती. आणि स्पॅनिश परत आले थेट १५६५ ला, लेगाझ्पी नावाच्या सेनानीबरोबर. म्हणजे मधली ४४ वर्षं! तुमच्या "अखंड"चं काय झालं?

पण माझं म्हणणं असं की उगम शोधायचा तर तो याच ४४ वर्षांत शोधा. तिथली माणसं सांगतात की पाऊस लांबला की लोक मूर्ती समुद्रावर नेऊन पाण्यात बुडवायचे, पाऊस पडेपर्यंत. हसताय काय, आपल्याकडे महादेवाचा गाभारा पाण्याने भरतात ते काय असतं? देव पाण्यात घालून बसणारे आपण एकटेच नाही. दुसरी दंतकथा हुमाबोनच्या सल्लागाराची, बालाधायची. आजारी पडला, त्याला मूर्तीजवळ ठेवलं, आणि थोड्या वेळाने बघतात तर हा नाचतोय! का रे बाबा, तर म्हणे हे पोरगं मला गवताची काडी लावून गुदगुल्या करतंय, मी चुकवतोय. तोच नाच, नदीच्या पाण्यासारखा, दोन पावलं पुढे एक मागे. स्पॅनिशांनी पुढे त्याला सांतो निन्योचं नाव जोडलं, पावलं सेबूकरांची.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पळवतो. १५६५ मध्ये जळक्या घरात एका खलाशाला लाकडी पेटीत मूर्ती सापडली, तिथे ऑगस्टिनियन पंथाच्या पाद्र्यांचं चर्च झालं, आजची बॅसिलिका. २०१३ च्या भूकंपात तिचा घंटाघराचा मनोरा पडला. रस्त्यावरची जंगी मिरवणूक मात्र १९८० ची, डेव्हिड ओडिलाओ नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने विद्यार्थी नाचवून सुरू केली, पुढच्या वर्षापासून शहराने उचलली. म्हणजे या हॉलमधले निम्मे लोक तिच्यापेक्षा वयाने मोठे! मेणबत्तीवाल्या बायकांचा नाच मला परंपरेला जास्त धरून वाटतो, बॅसिलिकेजवळ त्या वर्षभर असतात, तुमचं नाव विचारतात, मेणबत्त्या हलवत तुमच्या वतीने तीच पावलं टाकतात आणि पैसे घेतात.

सणानंतरच्या शुक्रवारी हुबो असतो, मूर्तीचे कपडे उतरवून तिला सुगंधी पाण्यात बुडवतात आणि नवे घालतात. ढोलवाले आणि टूरवाले तोपर्यंत गेलेले असतात, त्यामुळे ब्रोशरमध्ये हे सहसा नसतं. माझ्या मते मात्र तिकीट काढायचं तर त्या शुक्रवारचं काढा. प्रश्न चहाच्या वेळी घेऊ, सेक्रेटरी उठून उभे राहिलेत.